मरणवार्तांचा आवाज

नमुना ‘क’. लिंग : स्त्री. वय : साठीच्या पुढे. भाषा : इंग्रजी, डोंगरी, ठळक प्रादेशिक हेलासह. स्वर : किंचित अनुनासिक. गती : संथ. श्रोत्यांच्या दृष्टीने आकर्षण : अत्यल्प. विश्वासार्हता : मध्यमाहून कमी. सदर आवाज शोकविषयक प्रसारणासाठी यापुढे वापरणे हितावह नाही, असे खुद्द श्रोत्यांचेच मत असल्याचे निदर्शनास आले आहे.

यातले श्रोते म्हणजे आम्ही, आणि नमुना ‘क’ म्हणजे व्हर्लीन स्टिडम. पूर्व केंटकीच्या डोंगरात टर्की फोर्क नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या रेडिओवरून रोज सकाळी साडेसातला कोण वारलं ते सांगायचं काम व्हर्लीन करत असे. आमचे आईबाप जिवंत होते तेव्हापासून करत असे. आईबाप गेल्याचंही तिनेच सांगितलं.

तिची वाचायची रीत ठरलेली होती. आधी नाव. मग टोपणनाव, कारण डोंगरात माणसाचं खरं नाव फक्त देवाला आणि पोस्टाला माहीत असतं. मग कुठल्या घळीतला, कोणाचा मुलगा, कोणाचा जावई. आणि मग ती थांबायची. फार नाही, एक श्वास. त्या जागेत आम्ही आपापल्या स्वयंपाकघरांत ‘अरे देवा’ म्हणून घ्यायचो, किंवा ‘सुटला बिचारा’, किंवा नवऱ्याला हाक मारून ‘अहो, ऐकलंत का?’ म्हणायचो. आमचं आवरलं की ती पुढे जायची : अंत्यदर्शन किती वाजता, दफन कुठल्या टेकडीवर, जेवण कुठल्या चर्चमध्ये. ती जागा ती कशी मोजायची कोणास ठाऊक. पण कॉफी ओतता ओतता सगळ्या खोऱ्याचं ‘अरे देवा’ एकाच वेळी संपायचं.

एवढ्यावरून ती कोणी शांत, सोशिक, मेणबत्तीसारखी बाई असेल असा समज होईल. तो चुकीचा आहे. व्हर्लीनला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि त्यातली निम्मी मतं माणसांच्या बोलण्यावर होती. स्टेशनवर येणारे फोनही तीच घ्यायची. जाहिरातवाले, औषधवाले, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे, असे देशभरचे हेल तिच्या कानावरून गेले होते. दुपारी सँडविच खाताना ती स्टेशनचा व्यवस्थापक डॉयल फ्यूगेट याच्यापुढे त्यांचे निकाल जाहीर करायची.

‘टेक्ससचा माणूस दार न ठोठावता आत येतो,’ ती म्हणायची. ‘बोलण्यातसुद्धा.’

‘आणि बोस्टन?’ डॉयल विचारायचा. त्याचं काम तेवढंच होतं.

‘बोस्टनवाला अक्षरं वाटेत टाकत जातो आणि ती आपण उचलून आणावीत असं त्याला वाटतं. न्यूयॉर्कचा माणूस भांडत नसतो रे, तो फक्त पाऊस पडतोय असं सांगत असतो. कळायला वेळ लागतो. मिनेसोटाची माणसं देवभोळी, पण वाक्यात शिरताना पाय पुसतात आणि निघतानाही पुसतात. आणि ती कॅलिफोर्नियाची पोर! “माझं नाव जेनिफर?” अशी विचारते. अगं बाई, तुलाच खात्री नाही तर मी कुठून देऊ?’

‘चांगलं कोणाचं ते तरी सांग, मिस व्हर्लीन.’

‘कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची म्हातारी माणसं.’ इथे तिचा स्वर खाली यायचा. ‘ती बोलायला लागली की मला हातातलं काम खाली ठेवावंसं वाटतं. खालच्या मिसिसिपीतल्या काळ्या धर्मोपदेशकांचंही तसंच. लुईझियानाचे तर काय, बोलतात आणि त्याला फोडणीचा वास येतो.’

‘ओहायो?’

‘धुतलेली ताटली.’

‘ताटली धुतलेलीच बरी ना?’

‘हो, वाढणार असतील तर.’

शेवटी डॉयल विचारायचा, ‘आणि आपलं?’

‘आपलं काय विचारतोस. गंजलेलं फाटक.’

‘काहीतरीच काय, मिस व्हर्लीन,’ डॉयल म्हणायचा. मग ती समाधानाने सँडविचचा कागद चुरगाळायची.

या संभाषणाची शेवटची दोन वाक्यं लक्षात घेतल्याशिवाय आमच्या गावचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे आपल्या गोष्टीला आपणच नावं ठेवायची आणि समोरच्याने ती खोडून काढायची, असा करार आहे. कोणी केव्हा केला माहीत नाही. पण मोडताना कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. चर्चच्या जेवणाला शेजारीण ओपल नोबल सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणते. केक असा की त्यावरून सोयरिकी जुळल्या आहेत. टेबलावर ठेवताना ती दर वेळी म्हणते, ‘यंदा अगदीच फसलाय. खाऊ नका. कुत्र्यालाही घालू नका.’ त्यावर ‘काहीतरीच काय, ओपल’ असं निदान तीन बायकांनी म्हणायचं असतं. ते झालं की ओपल सुरी आणते. एखाद्या बाईने ‘केक छान झालाय, खा’ असं स्वतःच म्हटलं असतं तर तिच्या घरात कोणी आजारी आहे का, याची चौकशी झाली असती.

व्हर्लीनच्या बाबतीत या कराराला आणखी एक पदर होता. लग्नानंतर ती आणि एस्टिल मिशिगनला गेले होते. इकडच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या होत्या आणि मोटारींच्या कारखान्यात माणसं घेत होते. तिथल्या एका दुकानात तिने दिव्याची वात मागितली. काउंटरवरच्या मुलीने आत जाऊन आणखी दोघींना बोलावून आणलं आणि म्हणाली, ‘आता पुन्हा सांगा.’ व्हर्लीनला वाटलं, बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं. तिने पुन्हा सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या हसण्याचा अर्थ तिच्या लक्षात आला. तेव्हापासून परका माणूस दिसला की आपल्या बोलण्याला तीच आधी नावं ठेवायची. दुसऱ्याने ठेवायच्या आत.

मिशिगन त्यांना मानवलं नाही. परत आल्यावर एस्टिल खाणीत विजेच्या कामावर लागला, आणि खाणीने जे सगळ्यांना दिलं ते त्यालाही दिलं. ही हकीकत घडली तेव्हा त्याच्या छातीत हवेपेक्षा कोळसा जास्त होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, मागे चाकांवरचा सिलिंडर. त्याला तो कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. डॉक्टरांनी आता हिवाळे मोजायला सांगितले होते, आणि मोजायला फार नव्हते.

‘माझी बातमी तू वाच बरं का,’ तो म्हणायचा. ‘परक्या बाईच्या तोंडून मरायचं नाही मला.’

‘मरायच्या आधी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव,’ व्हर्लीन म्हणायची.

पण दोघांच्या मनात ते पक्कं होतं. तिने आपल्या आईची बातमी वाचली होती आणि आवाज हलू दिला नव्हता. एस्टिलची ती वाचणार होती. ‘थांबायचं कुठे ते ठरवून ठेवलंय मी,’ असं ती एकदा मला म्हणाली. तिच्या नोकरीचा पगार सांगण्यासारखा नव्हता. तिला ती नोकरी टिकवायची होती ती एवढ्यासाठी.

मग स्टेशनच्या मालकाच्या मुलांनी स्टेशन विकलं. घेणारी कंपनी ओहायोतल्या कोलंबसची. तिने आसपासच्या चार काउंट्यांतली स्टेशनं एकदम घेतली होती आणि चारही ठिकाणच्या मयतांसाठी तिला एकच आवाज हवा होता. कंपनी उद्धट नव्हती. कोणाचा आवाज ठेवायचा ते श्रोत्यांनाच विचारायचं, असं तिने ठरवलं. सहा माणसांकडून एकच बातमी वाचून घेतली. बातमी कोणा हॅरल्ड मिलरची. तो कधी जन्मलाच नव्हता, त्यामुळे त्याला मारायला कोणाची हरकत नव्हती. व्हर्लीनने ती नेहमीसारखी वाचली. मिलर कुठल्या घळीतला ते कागदावर नव्हतं म्हणून तिला जरा अडखळल्यासारखं झालं, एवढंच.

मग फोन सुरू झाले. ओपलला आलेला फोन तिने नंतर इतक्या वेळा सांगितला आहे की तो जणू मीच घेतला होता.

‘बाई, सहा आवाज ऐकवतो,’ फोनवरचा माणूस म्हणाला. ‘किती आवडला आणि किती विश्वास वाटला, ते दहापैकी सांगायचं.’

पहिला आवाज वाजला. ओपल म्हणाली, ‘हा मिलर कुठला म्हणायचा?’

‘तो नमुना आहे, बाई.’

‘ते झालंच. पण ब्रश क्रीकवरचे मिलर की वरच्या अंगाचे?’

‘कुठलेच नाहीत. खोटं नाव आहे.’

‘अग्गोबाई. मग जेवण नाहीच का?’

जेवण नाही असं कळल्यावर तिने गुण द्यायला घेतले. नॅशव्हिलच्या पुरुषाला सात दिले. कोलंबसच्या बाईला आठ; गुळगुळीत बोलते, शिकलेली दिसते. आणि मग तिसरा आवाज आला. पहिल्या शब्दाला ओपलने ओळखला. तिच्या नवऱ्याची बातमी त्याच आवाजात ऐकली होती तिने.

‘ही ना? ही आमच्यातलीच आहे,’ ती म्हणाली. ‘अगदीच गावंढळ बोलतो हो आम्ही. तीन घाला.’

आणि ती थांबली.

समोरच्याने आता काय म्हणायचं हे तिला ठाऊक होतं. आमच्या काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘तीन. धन्यवाद. पुढचा आवाज.’

आठवडाभर तो माणूस घळीघळींतून फिरला, फोनवरून. प्रत्येक घरात तेच झालं. प्रत्येकाने आपल्या आवाजाला, म्हणजे व्हर्लीनला, यजमानाने आपल्या केकला ठेवावी तशी नावं ठेवली. परक्यांच्या आवाजांना पाहुण्यांच्या केकसारखं वाखाणलं. आणि दोन वाक्यांच्या मधे वाट पाहिली. आपल्याखेरीज बाकी सगळे तिला चांगले गुण देतील, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

व्हर्लीनलाही फोन आला. यादीत नंबर होता म्हणून आला. लावणाऱ्याला काय माहीत. स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली, पण बोलली नाही.

‘हा कसा वाटला, बाई?’

‘कर्कश,’ व्हर्लीन म्हणाली. ‘म्हातारी आहे वाटतं कोणीतरी.’

‘ते सांगता येत नाही. किती देऊ?’

‘दोन द्या.’

तीही थांबली होती. हे तिनेच मला सांगितलं.

निकाल घेऊन डॉयल तिच्या घरी आला तो टोपी हातात धरून. आमच्याकडे टोपी हातात धरून आलेला माणूस एकच बातमी आणतो, म्हणून व्हर्लीनने आधी आत एस्टिलकडे पाहून घेतलं. तो टीव्हीसमोर होता आणि श्वास घेत होता.

‘उन्हाळा संपेपर्यंत तू आहेस,’ डॉयल म्हणाला. ‘मग कोलंबसची बाई. मी भांडलो, मिस व्हर्लीन. ते म्हणतात, तुमच्याच लोकांनी सांगितलं.’

‘किती?’

‘तीनच्या आसपास.’

‘म्हणजे कोणीतरी चारही दिले असतील,’ व्हर्लीन म्हणाली, आणि त्याला कॉफी विचारली.

डॉयल गेल्यावर ती स्वयंपाकघरातच बसून राहिली. एस्टिल सिलिंडर ओढत आला.

‘तुला आला होता फोन?’ तिने विचारलं.

‘आला होता.’

‘मग?’

एस्टिलने नळी नीट केली. नळी नीटच होती. ‘तीन.’

‘तीन!’

‘परक्या माणसापुढे स्वतःच्या बायकोची फुशारकी मारू का मी? माझ्या आईने मला असं वाढवलं नाही. मला वाटलं, बाकीचे देतील की. ओपल तरी देईल.’

‘चाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन तीन.’

‘खाण्याचं विचारलं असतं तर दोन म्हणालो असतो,’ एस्टिल म्हणाला.

व्हर्लीन बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत होती. मग म्हणाली, ‘मी दोन दिले.’

‘कोणाला?’

‘मला.’

एस्टिल हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, सिलिंडरची चावी वाढवली, तोंडापुढे फडकं धरलं. फडक्यावर जे आलं ते काळं होतं. ती दोघंही त्यानंतर हसली नाहीत.

‘म्हणजे मला आता धुतलेली ताटली वाढणार,’ एस्टिल म्हणाला.

पुढच्या दोन दिवसांत निकाल गावभर झाला आणि स्टिडमांच्या घरी पदार्थ येऊ लागले. चिकन आणि उकडलेले पिठाचे गोळे, बीन्स, मक्याचा पाव, एक अख्खं हॅम. मयताच्या घरी पाठवतात तसे. देणारी माणसं पायरीवर उभी राहायची, हवापाण्याचं बोलायची, ‘भांडं सावकाश दे’ म्हणायची आणि जायची. मी तुला तीन दिले असं कोणी म्हणालं नाही. ओपल केक घेऊन आली. ‘फसलाय,’ ती म्हणाली. ‘काहीतरीच काय,’ व्हर्लीन म्हणाली. त्यातली एक रडत होती, पण कोण ते सांगण्यात अर्थ नाही. केक दोघींनी मिळून कापला.

डॉयलने मात्र हातपाय हलवले. कंपनीचा केसलर नावाचा माणूस नव्या व्यवस्थेची माहिती द्यायला येणार होता. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी सभा. ‘लोक उठून बोलले तर आपल्या काउंटीपुरती तुला ठेवता येईल, असं त्याने कबूल केलंय,’ डॉयल म्हणाला. ‘पण बोलायला हवं. साध्या भाषेत. त्याला कळेल असं.’

‘लोकांचं सोड,’ एस्टिल बायकोला म्हणाला. ‘तू बोल.’

‘काय बोलू?’

‘मी हे काम चांगलं करते, एवढंच.’

आठवडाभर त्या घरात त्याची तालीम चालली होती. व्हर्लीन भांडी घासता घासता म्हणायची, ‘मी हे काम बरं करते.’

‘“बरं” नाही. “चांगलं”.’

‘मी हे काम तसं चांगलं…’

‘“तसं” काढ.’

‘तोंडातून निघत नाही रे, एस्टिल.’

‘मेलेल्यांची नावं निघतात की धडाधड. पुन्हा म्हण.’

सभेला गाव लोटलं होतं. केसलर चाळिशीचा, स्वच्छ, नम्र माणूस. त्याने आकडे दाखवले आणि म्हणाला, ‘आकडे हे आकडे आहेत. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मिसेस स्टिडम यांच्या वाचनाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’

कोणी हलेना. समोर व्हर्लीन स्वतः बसलेली. माणसाच्या तोंडावर त्याची स्तुती करायची म्हणजे आपल्याला त्याला काहीतरी विकायचंय किंवा तो मरायला टेकलाय. शेवटी ओपल उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

‘बरी आहे ती,’ ओपल म्हणाली आणि बसली.

हॉलमध्ये हलकीशी चुळबुळ झाली. ओपल एवढं बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्याने इतरांना धीर आला. एक म्हातारा खाणकामगार बसल्या जागेवरून म्हणाला, ‘माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही.’ दुसरा म्हणाला, ‘आजवर तिने चुकीचा माणूस मारलेला नाही.’ यावर चारपाच माना हलल्या. आमच्या हिशेबाने तो तिचा नागरी सत्कार झाला होता.

केसलरने लिहून घेतलं. बरी. तक्रार नाही. चुका नाहीत.

डॉयलला राहवेना. ‘साहेब, हे आमच्याकडे उभं राहून टाळ्या वाजवल्यासारखं आहे.’

‘मग टाळ्या का नाही वाजवत?’ केसलरने विचारलं. खवचटपणे नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं.

दाराजवळ एस्टिल सिलिंडरवर हात ठेवून बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. व्हर्लीन उठली. पर्स खुर्चीवर ठेवली, पुन्हा उचलली.

‘माझा आवाज चांगला आहे,’ ती म्हणाली.

रेडिओवर असतो तसाच आवाज होता. तसाच संथ.

‘या चार काउंट्यांत माझ्याइतकं चांगलं कोणी वाचत नाही. तुमच्या बाईचं मी ऐकलं. स्वच्छ वाचते. पण ती सरळ पुढे जाते. ऐकणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, तो मी देते. मला मिशिगनमध्ये हसले होते, त्यालाही आता जन्म लोटला. त्यांना कळत नव्हतं. मी हे काम चांगलं करते. माझ्या नवऱ्याचं फार राहिलेलं नाही आणि त्याची बातमी मला वाचायची आहे. म्हणून सांगते.’

ती बसली. एस्टिलच्या नळीतली हवा ऐकू येत होती. ओपल आपल्या बुटांकडे पाहत होती. मागे कोणीतरी घसा साफ केला आणि मग त्यालाच लाज वाटली. काही चूक बोलली का ती? एक शब्द नाही. पण स्वतःबद्दल ‘चांगलं’ हा शब्द तिने भर सभेत तीनदा उच्चारला होता. नवऱ्याचं मरणही परक्यापुढे मांडलं होतं. यापेक्षा तिने कपडे काढले असते तर लोकांनी निदान अंगावर कोट टाकला असता.

टाळी एकच वाजली, एस्टिलची. त्याला दम लागला म्हणून तीही थांबली.

केसलर सभा संपल्यावर तिच्यापाशी आला. ‘माझी आजी इथलीच,’ तो म्हणाला. ‘पलीकडच्या घळीतली. ओहायोला कामासाठी आली आणि लोक हसतात म्हणून घराबाहेर बोलायचीच नाही. तुम्ही बोलत होता तेव्हा मला… मला स्वतःला तुमचा आवाज फार आवडतो, मिसेस स्टिडम.’

‘मग?’

‘माझं मत यात धरत नाहीत, बाई. आकडे तुमच्या लोकांचे आहेत. आणि आज तुम्ही सोडून कोणी काही बोललं नाही.’

‘बोलले की,’ व्हर्लीन म्हणाली. पण ते त्याला समजावून सांगायचं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.

गावात दोन तट पडले. दयाळू तट म्हणाला, एस्टिलच्या आजारपणाने बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. दुसरा म्हणाला, रेडिओवर बसून बसून पायरी विसरली. दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत होतं : तिला तीन देणं तितकंसं चुकलं नव्हतं. इतके दिवस ज्याची लाज वाटत होती त्याला आता कारण सापडलं होतं, आणि लोकांना किती बरं वाटलं ते त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणाला व्हर्लीनने केक नेला. टेबलावर ठेवला. ‘कोरडा झालाय यंदा,’ ती म्हणाली.

जवळ चारजणी होत्या. एकीने काटे मोजायला घेतले. व्हर्लीन उभीच राहिली, थोडा वेळ, एका श्वासापेक्षा जास्त.

‘असेल,’ ओपल म्हणाली.

घरी येऊन व्हर्लीनने तो केक एस्टिलला वाढला. त्याने दोन घास खाल्ले. त्याला तेवढंच जायचं. ‘कोरडा आहे?’ तिने विचारलं. ‘चांगला झालाय,’ एस्टिल म्हणाला. तो आता बिनधास्त बोलत असे. तिनेही ‘काहीतरीच काय’ म्हटलं नाही. म्हणाली, ‘हो, झालाय.’ पण दोन माणसांच्या घरात नव्या रिवाजाला किती दिवस असतात?

उन्हाळा संपला आणि कोलंबसची बाई आली, म्हणजे तिचा आवाज आला. ती स्वतः कधी डोंगर चढली नाही. अंत्यविधी करणाऱ्या फ्युनरल होमने बातमी कंपनीकडे पाठवायची, कंपनीने चार काउंट्यांच्या बातम्या एकत्र करायच्या, बाईने एकदम वाचायच्या. नाव, वय, स्थळ. घळी गेल्या, टोपणनावं गेली. ‘अरे देवा’ म्हणेपर्यंत पुढचा माणूस मेलेला असायचा. पहिले काही दिवस आम्ही मागे पडत होतो. मग ‘अरे देवा’ म्हणायचं सोडून दिलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी कंपनीने पुन्हा फोन केले. नवा आवाज कसा वाटतो? परकी बाई, लांबून आपलं करते. तिला नावं कोण ठेवील? गावाने नऊ दिले. व्हर्लीनलाही फोन आला होता. तिनेही नऊ दिले. ‘पाहुणी आहे,’ ती मला म्हणाली.

जानेवारीत एस्टिलने तिला जेवणाच्या टेबलावर आपली बातमी वाचायला लावली. हातात कागद नव्हता, तिला पाठच होती. तिने नाव सांगितलं, टोपणनाव सांगितलं, घळ सांगितली, थांबली. एस्टिल म्हणाला, ‘इथे मी काय म्हणू?’

‘तुला जे वाटेल ते.’

तो काहीच म्हणाला नाही. तिने पुढचं वाचलं. दफनाची वेळ आणि ठिकाण तिने मोकळं सोडलं.

कंपनीचा वार्षिक अहवाल डॉयलने मला दाखवला. त्यात म्हटलं आहे : चारही काउंट्यांतील शोकवार्ता आता एकसमान, निर्दोष व वेळेवर प्रसारित होत असून श्रोत्यांच्या समाधानात लक्षणीय वाढ झालेली आहे.

एस्टिल स्टिडम फेब्रुवारीत गेला. त्याची बातमी गुरुवारी सकाळी लागली. त्याला बुधवारी पुरलं होतं.